महालक्ष्म्यांभोवतीची आगगाडी

नागपूर आणि आगगाडी म्हटलं का तुम्ही लगेच सरसावून बसणार. आता हा मालगाडीतली संत्र्यांनी भरलेली वाघीण सांगणार, इटारसीच्या पुढची थंडी सांगणार, नाही तर घरून पळून गेलेलं पोट्टं कुठल्या तरी डब्यात सापडलं असं काही तरी सांगणार. त्यातलं इथं काहीच नाही. माझी गाडी काकाच्या बैठकीच्या बाहेर कधी गेली नाही. तिले तिकीट नव्हतं, धूर नव्हता, आणि तिच्या वाघिणीत रव्याचे लाडू होते. ज्याले अपघात पाहिजे असन त्यानं आत्ताच उतरावं. म्हणजे एक झाला, पण तो गाडीचा नव्हता.

मी उमरेडच्या शाळेत शिकलो. तिथं अभ्यासात माझं नाव कोणी काढत नसे, पण हेडमास्तरांचा खोकला माझ्याइतका चांगला कोणाले जमत नव्हता, खुद्द हेडमास्तरांलेही नाही. कॉलेजसाठी नागपूरले आलो तर धाकट्या काकाकडे राहिलो, प्रताप नगरले. तेव्हा तिकडं घरं कमी आणि प्लॉट जास्त. काकाच्या घराच्या उजवीकडं गवत, डावीकडं पिठाची चक्की, आणि मागं पुन्हा गवत. दिवे लागायच्या टायमाले चक्की सुरू झाली का आमच्या घरचे बल्ब पिवळे पडत. चक्की थांबली का एकदम पांढरेफटक होत. घरातल्या माणसांले त्याची इतकी सवय होती का वाचता वाचता उजेड वाढला तर काकू न पाहता म्हणे, "झालं वाटते त्याचं दळण."

काका एका ऑफिसात नकाशे काढायच्या कामाले होते. पण त्यांचा खरा जीव रेडिओच्या पोटात. घरातला ट्रान्झिस्टर चामड्याच्या कव्हरात कमी आणि टेबलावर उघडा जास्त राहायचा. काकाले कोणतीही वस्तू चालू आहे याच्यापेक्षा ती काहून चालू आहे, हे पाहण्यात मजा.

काकूचा भाऊ अमेरिकेले होता. त्यानं भाचीसाठी, म्हणजे माझ्या चुलत बहिणीसाठी, ही गाडी आणली. काळं इंजिन, तीन वाघिणी, एक गार्डचा डबा, रुळांचे वाकडे-सरळ तुकडे आणि एक काळी पेटी. पेटीले एक मूठ. मूठ फिरवली का गाडी पळणार, उलटी फिरवली का थांबणार. बहीण तिसरी-चौथीत असन, पण गाडीच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नसे. तिनं सांगितलं, आधी खोक्यावरचं वाचा. काकानं सांगितलं, बिजली ती बिजली, अमेरिकेची काय न् नागपूरची काय. आणि पिन लावली.

तिकडच्या भिंतीत एकशे दहा व्होल्ट असते आणि आपल्या भिंतीत दोनशे तीस, हे आम्हाले त्या पेटीच्या वासानं समजलं. गाडी अर्धा चक्कर इतकी जोरात पळाली का बहिणीनं टाळी वाजवायले हात वर केला, तेवढ्यात पेटीतून भज्याचं तेल जळल्यासारखा वास आला आणि सगळं शांत. बहीण बापाशी चार दिवस बोलली नाही. काका तिच्याशी बोलत होते, पण नजर चुकवून. गाडी आलमारीवर गेली.

ती खाली उतरली ती महालक्ष्म्यांमुळे.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, मोठ्या काकूकडे, जुन्या नागपुरातल्या महाल भागात. मोठी काकू म्हणजे काकाच्या मोठ्या भावाची बायको. ती घरातल्या सगळ्यांची हेडमास्तर. मुखवटे तिच्या पेटीत, साड्या तिच्या पेटीत, सोळा भाज्यांची यादी तिच्या डोक्यात. आणि दरवर्षी आमच्या काकूनं मागच्या अंगणात बसून त्या सोळा भाज्या चिरायच्या. लग्न झालं तेव्हापासून ती चिरूनच राहिली होती. बाहेर बायका हळदीकुंकवाले आल्या का हिच्या हाताले अळूची खाज. महालक्ष्म्यांचं तोंड तिनं नीट पाह्यलं ते बहुतेक विसर्जनाच्या वेळी.

त्या वर्षी मोठ्या काकूच्या गुडघ्यांनी जवाब दिला. तिनं काकाले बोलावून सांगितलं का यावर्षी धाकटीकडे बसवा. पण मुखवटे कायमचे दिले नव्हते. ती येऊन पाहणार होती. जमलं तर पुढच्या वर्षीही तिथंच, नाही जमलं तर, तिचेच शब्द, "मी आहो अजून."

काकू त्या दिवसापासून रोज थोडी थोडी घाबरत गेली. तिले काय पाहिजे होतं ते तिनं एकदाच सांगितलं, तेही मले, लसूण सोलता सोलता. "एकदा तरी मले समोर बसू दे रे बाप्पा. बाकी काही नाही."

आता समोर बसायचं तर सजावट पाहिजे, आणि सजावट म्हटल्यावर काका जागे झाले. महालक्ष्म्यांच्या भोवती गाडी फिरवायची, वाघिणीत फराळ, बाजूले डोंगर, डोंगरात बोगदा, स्टेशन, स्टेशनवर दिवे. आणि दोघींच्या डोक्यामागं टॉर्चच्या बारक्या बल्बांची प्रभावळ. काकूनं सगळं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रभावळ लावायची तर ती समईसारखी. बाया बसल्या का लागली पाहिजे आणि त्या जाईपर्यंत विझली नाही पाहिजे. दिवा म्हणजे दिवा, तेलाचा काय न् तारेचा काय. दुसरी, एकदा बसल्या का मागं कोणाचा हात जाणार नाही. महालक्ष्म्या बसल्या का त्यांले हलवायचं नसते. हलवलं का झालं विसर्जन. मग त्या तुमच्यासमोर दिवसभर बसलेल्या दिसल्या तरी त्या गेल्या, असं आमच्या घरी मानतात. विसर्जनाच्या दिवशी तेवढंच करतात, मुखवट्याले जरासं हलवतात.

काकानं दोन्ही कबूल केलं. ते सीताबर्डीच्या बाजारात जाऊन एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेऊन आले. भिंतीतली बिजली आत घेऊन तो चार, सहा, आठ, दहा, बारा अशी थोडी थोडी बाहेर काढत होता. पुढं एक गोल बटण, फिरवलं का आकडा बदलते. त्याच्यातून एक जोडी तार रुळाले, आणि त्याच तारेतून पुढं प्रभावळीले अन् स्टेशनच्या दिव्यांले.

पहिल्या तालमीले काकू, बहीण आणि मी समोर बसलो. मुखवट्यांच्या जागी दोन पितळी डबे. काकानं बटण बारावर नेलं. गाडी सुसाट, प्रभावळी लखलख, डबे चमकून राहिले. काकूच्या तोंडावर हसू आलं. मग बहीण म्हणाली का गाडी स्टेशनवर थांबवा, लाडू उतरवायचे आहेत. काकानं बटण मागं आणलं. गाडी हळू झाली, आणि तिच्यासंगं प्रभावळी पिवळ्या, मग लाल, मग अंधार.

काकूनं डब्यांकडं पाह्यलं आणि म्हणाली, "गाडी थांबली का बाया अंधारात. मोठ्या बाईसमोर असं झालं तं मी कुठं तोंड लपवू?"

काकानं सुचवलं का गाडी थांबवायचीच नाही. काकूनं सांगितलं का मग गाडीच नाही.

पण काकाले एवढ्यात हार मानायची सवय नव्हती. जेवताना ते मले समजावून राहिले होते, वरण वाढून घेता घेता. चूक अशी का गाडीले कमी-जास्त पाहिजे आणि दिव्याले नेहमी सारखं पाहिजे. दोघांले एका नळावर उभं केलं आपण. गाडीचा नळ वेगळा आणि दिव्यांचा वेगळा, म्हणजे गाडी मेली तरी दिवा जिता. मी म्हटलं, हे तर समजलं, पण दुसरा नळ कुठून आणता. काकानं घरातल्या जुन्या रेडिओकडं पाह्यलं. तो आजोबांचा होता, फळीवर वरच्या अंगाले ठेवला होता, फुलं वाहायचे तेवढे बाकी. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट रिकामं होतं.

तर अशी वाटणी झाली. नवीन ट्रान्सफॉर्मर गाडीचा, जुन्या रेडिओतला दिव्यांचा. पण आमच्या घरी सारखं म्हणजे किती सारखं? बाजूले चक्की. चक्की सुरू झाली का भिंतीतलीच बिजली ढिली पडे, प्रभावळ पिवळी. म्हणून काकानं दिव्यांच्या ट्रान्सफॉर्मरलेही एक बटण बसवलं, खाली-मध्ये-वर. चक्की चालू असली का वर, बंद झाली का लगेच खाली. लगेच काहून, तर बल्ब बारके. पाच पाच एका माळेत ओवलेले. एक गेला का पूर्ण माळ गेली. आणि कोणता गेला ते पाहायले मागं हात घालायचा नाही. काकानं एक जादा प्रभावळ करून ठेवली, पुठ्ठ्याची गोल, मागं खिळ्याले अडकवायची, खाली दोन पिना. "ठेवली आहे," ते म्हणाले, "पण लागली नाही पाहिजे."

लाडवांनी वेगळा तमाशा केला. रिकामी गाडी सहावर मजेत चालत होती. काकूनं वाघिणीत लाडू ठेवले तर सहावर ती नुसती गुणगुणे, आठवर निघे, आणि वळणावर लाडवासकट आडवी. बारावर तर एक लाडू थेट आंबिलीच्या गंजात. काकूचे लाडू म्हणजे क्रिकेटच्या बॉलएवढे. तिचं म्हणणं, महालक्ष्म्यांसमोर लहान लाडू कसे ठेवू, मोठी बाई काय म्हणन. काकानं म्हटलं का इंजिनाले ते उचलत नाहीत. दोघांचं दोन दिवस चाललं. शेवटी लाडू सुपारीएवढे झाले, आणि काकूनं ते वळताना प्रत्येक लाडवासंगं काकाकडं पाह्यलं.

आता चालवणार कोण? हळदीकुंकवाच्या दिवशी घरात पुरुषांचं काम नाही. काकाले बाहेर जाणं भाग. मी अजून पुरुषांत धरला जात नव्हतो. काकूचं म्हणणं असं होतं का याले मिशी येऊन राहिली तरी अक्कल यायची आहे, पडद्यामागं बसला तर कोणी हरकत घेणार नाही. महालक्ष्म्यांमागं जुना शालू लावला होता, त्याच्यामागं मी, बाजूले बहीण. उजव्या हाताले गाडीचं बटण, डाव्या हाताले दिव्यांचं, कान चक्कीकडं. राह्यलं तोंड. काकानं शिटीसाठी दारावरची घंटी जोडून पाह्यली होती, पण ती वाजली का स्टेशनचे दिवे झुकत. म्हणून शिटी मीच तोंडानं मारायची असं ठरलं. साऱ्या सजावटीत मी एकटाच असा होतो का ज्याले व्होल्ट लागत नव्हते, फक्त चहा.

जेवणाच्या दिवशी दुपारी पुरणपोळी, आंबील, पातोड्या, सोळा भाज्या सगळं झालं. त्या वर्षी भाज्या शेजारच्या दोघींनी चिरल्या आणि काकू समोर बसली. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि चेहरा परीक्षेले बसल्यासारखा. मोठी काकू जेवणाच्या आधीच रिक्षानं आली होती. तिनं मुखवटे पाह्यले, साडीच्या चुण्या पाह्यल्या, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा मोजून पाह्यला, गाडीकडं पाह्यलं आणि नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"चा अर्थ लावण्यात काकूनं पूर्ण दुपार घालवली.

संध्याकाळी बायका यायले लागल्या. चक्की सुरू होती, मी दिव्यांचं बटण वर ठेवलं. गाडी डोंगराच्या बोगद्यातून निघाली, महालक्ष्म्यांच्या मागून वळली, स्टेशनवर थांबली, आणि प्रभावळ तशीच्या तशी. बायका खूष. मी आधी साधी शिटी मारली. मग राहवलं नाही. नागपूर स्टेशनवरच्या भोंग्यातल्या बाईचा आवाज काढला, नाकातून, प्रत्येक शब्दावर थांबत. हसू आलं. मग चहावाला, मग संत्रेवाला, मग तिकीट तपासणारा आणि त्याच्याशी हिंदीत भांडणारी बाई. पलीकडून एक जण म्हणाली, "कोण हाय वं आत, एकटाच हाय का दहा जण?" आणि दुसरी म्हणाली, "अजून कोणाचा काढते तो?"

मी काढला. मोठी काकू आत स्वयंपाकघरात आहे असं मले वाटलं होतं, काहून का नुकताच तिचा आवाज तिकडून आला होता. मी घसा खाली घेतला, शब्दांच्या शेवटी तो तिचा हेल लावला, आणि सांगितलं का प्रताप नगरची गाडी दोन घंटे लेट हाय, धाकटीचं पुरण शिजाचं हाय, आन पातोडीत मीठ कमी पडलं तं गाडी महालात वापस जाईन.

मी हसण्याची वाट पाहून राहिलो होतो. कोणी हसलं नाही. शालूच्या फटीतून पाह्यलं तर मोठी काकू दारातच उभी, हातात कुंकवाचा करंडा.

आणि त्याच टायमाले चक्की थांबली. ही तिची थांबायची वेळ नव्हती. माझा कान तिकडं नव्हताच, तो हसण्याकडं होता. प्रभावळी एकदम दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. मी बटणाकडं हात नेईपर्यंत मोठीच्या, म्हणजे ज्येष्ठेच्या, डोक्यामागचा उजेड गेला. धाकटी लखलखून राहिली आणि मोठी अंधारात.

काकूचा आवाज आला, एकदम बारीक. "दिवा गेला का वं?"

मले पडद्यामागून तिचे फक्त हात दिसत होते, मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले.

मी बहिणीच्या कानात सांगितलं, मेन स्विच. ती मागच्या दारानं गेली आणि तिनं तो खाली ओढला. पूर्ण घर अंधार, फक्त दोन समया. बायकांले काही वाटलं नाही, बिजली जाणं नागपूरले नवीन नव्हतं. पण शांतता राहिली तर मोठी काकू बोलणार, आणि ती काय बोलन ते मले ऐकायचं नव्हतं. मी गाडी बोगद्यात घातली. म्हणजे तोंडानं. आधी लांबची शिटी, मग रुळांची खडखड, मग बोगद्यातला तो घुमारा, ओंजळ तोंडाले लावून. मग एक रडणारं लेकरू, मग त्याची आई, मग "बाई, माही चप्पल कुठं गेली" म्हणणारी म्हातारी. शेवटी कोणी तरी फिसकन हसलं, आणि एक हसली का बाकीच्यांले आधार मिळाला.

त्या हसण्याच्या आडोशानं मी हात मागं घातला. जो हात जायचा नव्हता तोच. जळालेली प्रभावळ खिळ्यावरून काढली, पिना उपटल्या, जादा प्रभावळ लावली. ती अडकवताना तिचा पुठ्ठा गजऱ्यात गुंतला. मी ओढला. काही तरी फिरल्यासारखं हाताले लागलं. मी दिव्यांचं बटण खाली आणलं, गाडीचं शून्यावर, आणि खोकलो, हेडमास्तरांचा खोकला. ती आमची खूण होती. बहिणीनं स्विच वर केला.

दोन्ही प्रभावळी लागल्या, सारख्या. मी फटीतून पाह्यलं. ज्येष्ठेचा मुखवटा समोर नव्हता. तो उजवीकडं, धाकटीकडं वळला होता.

पूर्ण बैठक ते पाहून राहिली होती. शेजारची म्हातारी पुढं सरकली आणि हात जोडून म्हणाली, "मोठी धाकटीकडं पाहून राहिली वं माय."

आता महालक्ष्म्यांमध्ये एक मोठी आणि एक धाकटी, आणि खोलीतही एक मोठी आणि एक धाकटी. बायकांचे डोळे आधी मुखवट्यांवर होते, मग हळूहळू दोन जावांवर आले. काकू मान खाली घालून बसली होती. तिले समजलं होतं का नाही, मले आजही माहीत नाही. मोठ्या काकूनं करंडा खाली ठेवला. जवळ आली. मुखवट्याकडं पाह्यलं, मग मुखवट्याच्या मागं, शालूच्या त्या फटीकडं. तिचे डोळे आणि माझा एक डोळा, असे आम्ही एक क्षण समोरासमोर होतो.

"पाहीन नाही तं काय," ती बायकांले म्हणाली. "सख्ख्या बहिणी हायेत." मग काकूसमोर गुडघ्यावर हात देत हळूहळू बसली, तिले कुंकू लावलं आणि म्हणाली, "मुखवटे आता इथंच राहू दे. पुढच्या वर्षी पाट जरा मोठा करजो, गाडीले जागा कमी पडते."

काकू उठून स्वयंपाकघरात गेली.

एवढ्यात काका मागच्या दारानं पडद्याआड आले. खूष होते. हळूच मले म्हणाले का दिवे पिवळे दिसून राहिले होते रस्त्यावरून, म्हणून चक्कीवाल्याले जाऊन हात जोडले, आजच्या दिवस बंद ठेव गा. त्यानं लगेच पट्टा उतरवला. "आता कसा झकास उजेड पडला," काका म्हणाले. मी त्यांच्या हातात जळालेली प्रभावळ दिली. त्यांनी ती फटीतून येणाऱ्या उजेडात धरली, पाचही बल्ब पाह्यले, आणि जसे आले तसे बाहेर गेले.

बायका गेल्या. बहीण उरलेले लाडू वाघिणीतून खाऊन राहिली होती. मी तारा गुंडाळतो आहे असं दाखवून पडद्यामागंच बसलो होतो. शालू बाजूले झाला आणि मोठी काकू आत आली. तिनं आधी स्वयंपाकघराकडं पाह्यलं, काकूले ऐकू जात नाही नं म्हणून.

"हात लावला नं?"

मी म्हटलं, गजरा अडकला होता.

"मले नको सांगू. माहं आयुष्य गेलं त्याहिले बसवण्यात. मुखवटा आपल्या मनानं फिरत नाही. हलवलं का काय होते, ठाऊक हाय नं तुले? वापस धाडल्या असत्या तू त्याहिले एक दिवस आधीच, जेवून हात धुवायच्या आत. धाकटीजवळ एक शब्द काढशीन तं पाह्य. आरतीच्या आधी हातपाय धू, हळदकुंकू वाह्य, अन् नाक घास त्याहिच्यासमोर. मोठीसमोर दोनदा."

मी हो म्हटलं. वाटलं, संपलं. ती जायले वळली आणि पुन्हा फिरली.

"आन दुसरं. मी कवा लेट आलो गा?"

मी हातातली तार पुन्हा गुंडाळायले घेतली.

"दोन घंटे लेट म्हणे. चार बायकांसमोर, माह्या आवाजात. लग्न झालं तवापासून कोणत्या कार्याले लेट आलो मी, सांग. तुह्या बारशाले पावसात पहाटच्या पहिल्या एसटीनं आलो होतो, तुही माय न्हायली नव्हती तवा. आता बस इथं अन् बरोबर सांग. माह्याच आवाजात."

मी सांगितलं. घसा खाली घेऊन, हेल लावून, प्रताप नगरची गाडी टायमावर हाय. ती डोळे बारीक करून ऐकत होती.

"पुन्हा," ती म्हणाली. "अन् मी एवढी किरकिरी नाही बोलत."

मी पुन्हा सांगितलं. त्या वेळी तिचा हात माझ्या कानावर होता, आणि जरा कुठं हेल चुकला का ती पीळ वाढवत होती, काकाच्या त्या बटणासारखा, एकेक घर वर.